मदरबोर्डचा सेल बदलताना: आधी सेटिंग उतरवा, मग सेल काढा

सीपीयूच्या डब्यातला गोल सेल बदलायला पाच मिनिटं पुरतात. त्यानंतर 'विंडोज उडालं' म्हणून मशीन तालुक्याला नेऊन फॉरमॅट मारून आणणारे मात्र थोडे नाहीत. त्या फॉरमॅटमध्ये कृषी केंद्राची बिलं जातात, शाळेचे निकाल जातात, ग्रामपंचायतीच्या नोंदी जातात. खरं तर बहुतेक वेळा विंडोजला काही झालेलंच नसतं. सेल निघाल्यावर बायोसमधलं (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्राममधलं) एखादं सेटिंग कंपनीच्या मूळ जागेवर गेलेलं असतं आणि मशीनला आपली हार्ड डिस्क ओळखता येत नसते, एवढंच.

म्हणून खाली सेल काढण्याबसवण्यापेक्षा आधीच्या आणि नंतरच्या कामावर जास्त भर आहे. क्रम बदलू नका.

## टप्पा १ : दोष सेलचाच आहे का ते बघा

सेल मशीन बंद असताना बायोसचं घड्याळ चालवतो आणि जुन्या बोर्डांवर सेटिंगही जपतो. भिंतीवरच्या बोर्डाचं बटन चालू असेल तर मशीन बंद असूनही एसएमपीएसकडून (डब्यातल्या वीजपुरवठ्याच्या पेटीकडून) थोडा करंट येत राहतो आणि सेलवर भार पडत नाही. बटन बंद केलं, लाइन गेली किंवा प्लग काढला, की सेलचं काम सुरू होतं. नव्या सेलची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असते. घड्याळाने ५ मायक्रोअँपिअर ओढले तर तो सतत वापरात पाच वर्षांच्या आसपास टिकतो. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या बंद खोलीत त्याचं आयुष्य आणखी घटतं.

गावाकडे सेल लवकर जातो तो यामुळेच. विजा कडाडायला लागल्या की आपण प्लग काढून ठेवतो. ती सवय चांगलीच आहे, सेलपायी सोडू नका. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात. तोवर संगणक कक्षाचं मेन स्विच बंद असतं, आणि उघडल्यावर एकामागून एक मशीन 'एफ १ दाबा' म्हणायला लागतात.

सेल संपल्याची पक्की लक्षणं अशी:

- रात्रभर प्लग काढून ठेवला की सकाळी तारीख काही वर्षं मागे, बहुतेकदा १ जानेवारीवर जाते.
- सुरू होताना 'सीमॉस चेकसम एरर', 'सीमॉस बॅटरी लो', 'टाइम ऑफ डे नॉट सेट' किंवा '१६३ टाइम अँड डेट नॉट सेट' यांपैकी काही दिसतं. सीमॉस म्हणजे बायोसची सेटिंग जपणारी जागा.
- ब्राउझर 'युवर क्लॉक इज बिहाइंड' किंवा 'कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' म्हणतो. सातबाराचं पान उघडत नाही, डिजिटल सही 'अजून वैध नाही' म्हणून नाकारली जाते. वेबसाइटची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांमध्येच वैध असतात, आणि तुमचं मशीन त्या तारखांच्या आधीच्या काळात असतं.

खालील तक्रारींसाठी सेल बदलून उपयोग नाही:

- घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे किंवा मागे जातं. एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू लिनक्स असल्यावर हे होतं. विंडोज बायोसच्या घड्याळात भारतीय वेळ धरतं, लिनक्स जागतिक वेळ. दोघं एकमेकांची वेळ बदलत राहतात. विंडोज एकटंच असेल तर टाइम झोन तपासा, तिथे 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' असायला हवं.
- मशीन चालू असतानाच घड्याळ मागे पडतं. चालू मशीनमध्ये सेलवर भार नसतो. दोष दुसरीकडे शोधा.
- एफ १ मागतं, पण वर 'फॅन एरर' किंवा 'कीबोर्ड नॉट फाउंड' लिहिलेलं असतं. एफ १ दिसला म्हणजे सेल गेला असं नाही. वरची ओळ पूर्ण वाचा, नाही तर मोबाइलवर फोटो काढून निवांत वाचा.

तपासा: मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि प्लग काढून मोजा. लाल काडी सेलच्या वरच्या बाजूला, काळी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला. ३ व्होल्ट किंवा जास्त आले तर सेल ठीक आहे. २.८ च्या खाली असेल तर बदला. हा सेल बराच काळ ३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि शेवटी झपाट्याने पडतो, त्यामुळे '२.७ आहे, अजून चालेल' या हिशेबात पडू नका.

## टप्पा २ : सेल आणि सामान

जवळजवळ सगळ्या डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ लागतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. तालुक्याच्या गावी संगणकाच्या दुकानात नसेल तर घड्याळवाल्याकडे किंवा वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याकडे हमखास मिळतो. दुकानात आकड्याचा शेवटही नीट वाचा, कारण चुका तिथेच होतात.

- सीआर २०२५ व्यासाने तेवढाच, पण जाडी २.५ मिलिमीटर. बसतो, पण सैल राहतो. टेबल हललं की संपर्क तुटतो आणि तारीख पुन्हा जाते.
- एलआयआर २०३२ मापाने अगदी तसाच, पण चार्ज होणारा. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. या जागेसाठी तो नाही. कोणी 'चार्जिंगवाला, कायमचा चालेल' म्हणून देऊ केला तरी घेऊ नका.
- सुटा, पाकिटाबाहेरचा सेल डब्यात इतर सेलांना घासत पडलेला असतो. एकमेकांना टेकून तो आधीच उतरलेला असू शकतो. बंद पट्टीतला घ्या, मागची तारीख बघा, जमलं तर दुकानातच मोजून घ्या. नवा सेल ३.२ च्या आसपास दाखवतो.

बाकी सामान: फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, प्लास्टिकची किंवा लाकडी बोथट काडी, रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश, स्क्रूसाठी वाटी, चार्ज असलेला मोबाइल, कागद-पेन. टोकदार पक्कड किंवा धातूचा चिमटा जवळ ठेवूच नका.

सावधान: घरात लहान मूल असेल तर नवा-जुना कुठलाच सेल टेबलावर मोकळा ठेवू नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतो. केळं खाऊ घालून वाट बघू नका, उलटी काढू नका. एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात तडक न्या आणि 'बटन सेल गिळला' असं तिथे स्पष्ट सांगा.

## टप्पा ३ : सेटिंग उतरवून घ्या

बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि नंतर सगळा त्रास इथूनच निघतो. अर्धा तास द्या.

३.१ महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. सेल बदलल्याने हार्ड डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. तरी घ्या. पुढे काही अडलं आणि कोणी घाईत फॉरमॅट मारला, तर ही प्रतच कामाला येईल.

३.२ बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, बघा. विंडोज १० किंवा ११ असेल तर स्टार्टमध्ये 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. घरच्या मशीनमध्ये ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केलं त्या खात्यात असते. 'सस्पेंड प्रोटेक्शन' हा पर्याय दिसत असेल तर तो दाबून ठेवा. की हाती नसेल तर इथेच थांबा. सेल काढल्यावर सिक्युअर बूट (फक्त सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणारं सेटिंग) किंवा टीपीएमचं (किल्ल्या जपणाऱ्या चिपचं) सेटिंग हललं, तर विंडोज ही की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कुठल्याच दुकानदाराला काढता येत नाही.

३.३ विंडोजमधून तीन गोष्टी लिहून घ्या. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा. 'बायोस मोड'समोर 'यूईएफआय' (नवी पद्धत) आहे की 'लेगसी' (जुनी), ते लिहा. 'सिक्युअर बूट स्टेट' ऑन की ऑफ, ते लिहा. मग 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स' आणि 'स्टोरेज कंट्रोलर्स' या दोन ओळी उलगडा. तिथे 'एएचसीआय' हा शब्द आहे, नुसतं 'आयडीई' आहे, की 'रेड' किंवा 'रॅपिड स्टोरेज' आहे, तेही लिहा. हाच साटा मोड, म्हणजे बोर्डाची हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत. या तीन उत्तरांवर मशीन पुन्हा सुरू होणं अवलंबून आहे.

३.४ बायोसमध्ये जा. मशीन रीस्टार्ट करून पडदा काळा असतानाच कळ पुन्हा पुन्हा दाबत राहा. जोडणी केलेल्या मशीनमध्ये आणि एसर डेस्कटॉपमध्ये बहुधा डिलीट, डेलमध्ये एफ २, एचपीमध्ये एफ १०, लेनोव्होच्या डेस्कटॉपमध्ये एफ १. शटडाउन करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट बरा. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' शटडाउन अर्धवटच करतं, आणि मग कळीला वेळच मिळत नाही. तरीही जमत नसेल तर सेटिंगमधल्या 'रिकव्हरी'त 'अॅडव्हान्स्ड स्टार्टअप' आहे, तिथून 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' निवडा.

३.५ प्रत्येक पानाचा फोटो काढा. पहिलं पान सोपं करून दाखवलेलं असेल तर पडद्यावर त्यासाठी लिहिलेली कळ (बऱ्याच बोर्डांवर एफ ७) दाबून 'अॅडव्हान्स्ड मोड'मध्ये या. हे फोटो हवेतच: साटा मोड, बूट मोड म्हणजे यूईएफआय, लेगसी किंवा सीएसएम (यूईएफआय बोर्डावर लेगसी चालवणारी सोय), बूटचा क्रम, सिक्युअर बूट, टीपीएम, जे इंटेलमध्ये 'पीटीटी' आणि एएमडीत 'एफटीपीएम' नावाने असतं, व्हर्च्युअलायझेशन, आणि लाइन परत आल्यावर मशीनने काय करावं ते सेटिंग. पान खाली सरकत असेल तर दोन फोटो. कक्षात दहा मशीन असतील तर आधी कागदावर मशीनचा नंबर लिहून त्याचा फोटो घ्या, मग त्या मशीनचे. नाही तर संध्याकाळी कोणता फोटो कशाचा हे कळत नाही.

३.६ काही न बदलता बाहेर पडा. एस्केप, मग 'डिस्कार्ड चेंजेस'. एफ १० नको, तिथे सेव्ह होतं. एफ ५, एफ ७, एफ ९ यांपैकी एखाद्या कळीवर 'लोड डिफॉल्ट' (कंपनीची मूळ सेटिंग परत आणणं) असतं, तिच्याकडे हात जाऊ देऊ नका.

सेल आधीच मेला असेल तर? रोज एफ १ दाबून विंडोज नीट सुरू होत असेल, तर आत्ताची सेटिंग बरोबरच आहेत. त्यांचेच फोटो घ्या. सुरूच होत नसेल तर फोटोंचा उपयोग नाही. सेल बदला आणि टप्पा ६ मधला साटा आणि बूट मोडचा भाग करून बघा.

नव्या यूईएफआय बोर्डांमध्ये बरीच सेटिंग सेलशिवायही फ्लॅश चिपमध्ये टिकतात. पण सेल गेल्याचं लक्षात आलं की काही बोर्ड स्वतःहून सगळं डिफॉल्टवर नेतात. 'माझं मशीन नवं आहे' म्हणून हा टप्पा सोडू नका.

## टप्पा ४ : वीज तोडा, डबा उघडा

1. मशीन शटडाउन करा.
2. प्लग भिंतीतून उपटा. बोर्डाचं बटन बंद करून भागत नाही. गावच्या जुन्या वायरिंगमध्ये बटन कधी न्यूट्रलवर लावलेलं असतं, ते बंद केलं तरी फेज चालूच राहतो. यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर मशीन असेल तर तिथूनही केबल काढा.
3. मॉनिटर, प्रिंटर, नेटची वायर, सगळं मागून काढा. कोणती वायर कुठे होती याचा एक फोटो.
4. पॉवर बटन १०-१५ सेकंद दाबून धरा. उरलेला करंट उतरतो, आणि मदरबोर्डवर दिवा असेल तर तो विझतो.
5. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग आतल्या भागांना. काम चालू असताना अधूनमधून पुन्हा लावा. हिवाळ्यात हवा कोरडी असते, स्वेटर घालून हे काम करू नका.

सावधान: कूलरच्या झोतासमोर डबा उघडू नका. हवेबरोबर बारीक तुषार येतात. उकडलं तरी अर्धा तास पंख्यावर भागवा. पंख्याच्या वाऱ्याने स्क्रू उडत नाहीत.

मशीन चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग जोडलेलं नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे अशा वेळी पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११० च्या आसपास व्होल्टेज दिसतं. त्याचा सेलशी संबंध नाही, पण वायरमनला बोलावून अर्थिंग दुरुस्त करून घ्या. पेनड्राइव्ह आणि प्रिंटरचे पोर्ट जळायचं हेही एक कारण असतं.

डबा उघडल्यावर सोयाबीनच्या मळणीची धूळ किंवा कापसाची रुई दिसली तर मऊ ब्रशने झटका. पंखा काडीने अडवूनच साफ करा. ओलं कापड नको. पालीची विष्ठा किंवा मुंग्यांची माती सेलच्या आसपास असेल तर ती कोरड्या ब्रशने पूर्ण काढा. दमट हवेत ती ओल धरते आणि त्यातून करंट गळतो, मग नवा सेलही काही महिन्यांत उतरतो.

## टप्पा ५ : सेल काढा, बसवा

सेल रुपयाच्या नाण्याएवढा आणि चकचकीत असतो. दिसत नसेल तर ग्राफिक कार्डाखाली बघा. कार्ड काढायचं असेल तर आधी त्याचा स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबायची. ओढाताण केली तर खिट्टी तुटते.

काढण्याआधी फोटो घ्या: कोणती बाजू वर आहे? आडव्या खाचेत अधिकची खूण आणि अक्षरं असलेली रुंद, सपाट बाजू वर असते. उभ्या खाचेत ती कोणीकडेही असू शकते, म्हणून फोटो.

- एका बाजूला पत्र्याची पट्टी असलेली खाच: पट्टी बोथट काडीने सेलपासून बाहेर ढकला. सेल आपोआप वर उचलला जातो. पट्टी वर उचकटू नका, मोडते.
- खिट्टी नसलेली, ओठाखाली सरकवायची खाच: ओठाच्या समोरच्या बाजूने सेल हलकेच उचला आणि तिरपा बाहेर घ्या. ओठाच्याच बाजूने उचकटलात तर खालचा स्प्रिंग चपटा होतो, आणि मग नवा सेलही नीट टेकत नाही.
- उभी खाच: कडेची पट्टी बाजूला करून सरळ वर ओढा.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घसरलं तर बोर्डावरची केसाएवढी तांब्याची रेष तुटते. त्यानंतर सेलचा नाही, बोर्डाचा खर्च येतो. म्हणून काडीच वापरा.

लगेच नवा बसवायची घाई नको. प्लग काढलेला आहे, तर खाचेतला हिरवा-पांढरा थर कोरड्या कापडाने किंवा खोडरबराने पुसा. नवा सेल कडेने धरा. दोन्ही सपाट बाजूंना बोटं लागली तर घामाचा थर बसतो, लागलाच तर कोरड्या सुती कापडाने पुसून घ्या. आधी ओठाखाली सरकवा, मग दुसरी बाजू टक् आवाज होईपर्यंत दाबा.

मशीन चालू ठेवून सेल बदलला की सेटिंग जात नाहीत, असं सुचवणारे भेटतात. सेटिंग खरंच टिकतात. पण हातातून निसटलेला सेल चालू बोर्डावर पडला तर बोर्ड जाऊ शकतो, आणि फोटो असताना सेटिंग पुन्हा घालायला दहा मिनिटंही लागत नाहीत. हा जुगार खेळू नका.

तपासा: सेल सपाट बसला आहे? बोटाने हलकं ढकलल्यावर फिरत नाही? वाटीतले स्क्रू मोजून तेवढेच? रॅम आणि हार्ड डिस्कची वायर धक्क्याने सैल झाली नाही ना, तेही एकदा दाबून बघा.

## टप्पा ६ : पहिल्यांदा चालू करा, पण विंडोजमध्ये जाऊ नका

वायरचा कीबोर्ड मागच्या पोर्टला लावा. मॉनिटरची केबल आधी होती तिथेच, म्हणजे ग्राफिक कार्ड असेल तर कार्डालाच. मशीन चालू करताच बायोसची कळ दाबायला लागा.

पडदा मिनिटभर काळा राहिला किंवा मशीन स्वतःच दोन-तीनदा बंद-चालू झालं तरी बटन दाबू नका. नवे बोर्ड रॅमची ओळख पुन्हा करून घेत असतात, विशेषतः डीडीआर ५ रॅम असेल तर.

बऱ्याच बोर्डांवर दोन पर्याय येतात: एफ १ दाबून सेटअप, एफ २ दाबून डिफॉल्ट घेऊन पुढे. एफ १ दाबा. एफ २ दाबला की मशीन चुकीच्या सेटिंगसकट विंडोजकडे धावतं. एएमडीच्या मशीनवर एफटीपीएमबद्दल 'वाय की एन' असा प्रश्न आला आणि बिटलॉकर चालू असेल, तर एन.

आता याच क्रमाने:

६.१ तारीख आणि वेळ. बायोसमध्ये तारीख बहुधा महिना/दिवस/वर्ष अशी असते, वेळ २४ तासांची. ५ ऑगस्ट २०२५ घालायचं तर ०८/०५/२०२५. आपल्या सवयीने ०५/०८ घातलं की ८ मे होतो आणि ते लक्षातही येत नाही. जवळ वार दिसत असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरशी जुळवा: ५ ऑगस्ट २०२५ ला मंगळवार दिसला पाहिजे, ८ मे झाला तर गुरुवार दिसेल. दुपारचे तीन म्हणजे १५.

६.२ साटा मोड. टप्पा ३ मध्ये जे लिहिलं तेच. जुन्या जी ३१, जी ४१, एच ६१ बोर्डांवर विंडोज ७ बहुधा आयडीईवर टाकलेलं असतं, नव्या बोर्डांवर विंडोज १० बहुधा एएचसीआयवर. काही कंपन्यांच्या मशीनचं डिफॉल्ट 'रेड ऑन' असतं आणि दुकानदाराने विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असतं. हे जुळलं नाही तर निळा पडदा येतो: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', किंवा शेवटी ७बी असलेला कोड. बहुतेक फॉरमॅट याच निळ्या पडद्यावर मारले जातात आणि त्यांतले जवळपास सगळे फुकट असतात. मोड बदला, सेव्ह करा, मशीन सुरू होतं.

६.३ बूट मोड. 'लेगसी' लिहिलं असेल तर लेगसी किंवा सीएसएम चालू, 'यूईएफआय' असेल तर यूईएफआय. हे चुकलं की 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' येतं. हार्ड डिस्क बायोसमध्ये नावाने दिसते आणि तरीही हा संदेश येतो, तेव्हा डिस्क गेली नाही, बूट मोड चुकला आहे असं आधी धरा.

६.४ बूटचा क्रम. यूईएफआयमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला, नाही तर हार्ड डिस्कचं नाव. पेनड्राइव्ह लावलेला असेल तर काढा.

६.५ टीपीएम आणि सिक्युअर बूट पूर्वी होते तसे. टीपीएम बंद राहिला तर बिटलॉकर की मागतो, आणि विंडोजचा पिन चालत नाही.

६.६ लाइन परत आल्यावरचं सेटिंग. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तसंच काही नाव असतं. फोटोत 'पॉवर ऑन' असलं तरी गावच्या लाइनीवर 'पॉवर ऑफ' ठेवावं असं आमचं मत. लाइन येताना-जाताना व्होल्टेज वरखाली होतं, मशीन त्या झटक्यात चालू व्हायला नको. सीसीटीव्हीच्या मशीनचा अपवाद.

६.७ जुन्या बोर्डावर फ्लॉपी. डिफॉल्टवर गेलेला जुना बोर्ड नसलेली फ्लॉपी शोधतो आणि 'फ्लॉपी डिस्क फेल' म्हणून रोज एफ १ मागतो. 'स्टँडर्ड सीमॉस'मध्ये ड्राइव्ह ए 'नन' करा. सेल बदलूनही एफ १ का येतो, याचं हे नेहमीचं उत्तर.

सेव्ह करायला एफ १०, मग यस. बायोसला पासवर्ड होता तर डेस्कटॉपवर तो बहुधा पुसला गेलेला असतो, तोही आत्ताच पुन्हा टाका.

## टप्पा ७ : विंडोजमध्ये

तारीख, वेळ आणि टाइम झोन बघा. 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करून 'सिंक नाऊ' दाबा. बायोसची तारीख न लावता थेट नेटवरून लावू म्हणणाऱ्यांसाठी: घरच्या विंडोजमध्ये वेळेचा फरक १५ तासांच्या वर असला की ती सेवा घड्याळ दुरुस्त करायला नकार देते. २००९ वरून आज कधीच येणार नाही. म्हणून आधी हाताने.

बिटलॉकर सस्पेंड केलं असेल तर 'रिझ्यूम' करा. मग सातबाराचं पान, डिजिटल सहीचं टोकन आणि बोटांच्या ठशाचं यंत्र एकेकदा चालवून बघा. मध्ये मशीन चुकीच्या तारखेने चाललं असेल तर त्या वेळात निघालेली बिलं, पावत्या, दाखले शोधून दुरुस्त करा. सेल बदलल्याने त्यांवरची तारीख आपोआप सुधारत नाही.

## टप्पा ८ : रात्रभराची परीक्षा

प्लग काढून रात्रभर ठेवा. सकाळी विंडोजमध्ये न जाता थेट बायोसमध्ये जाऊन वेळ मोबाइलशी जुळवा. विंडोजमध्ये बघितलं तर नेट आधीच वेळ दुरुस्त करून टाकेल आणि दोष लपेल. वेळ बरोबर असेल तर काम झालं. कागदाच्या पट्टीवर 'सीआर २०३२, महिना, वर्ष' लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. शेकोटीत किंवा चुलीत टाकू नका, फुटतो.

## लॅपटॉप असेल तर

घाईने उघडू नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये वेगळा सेल नसतोच, मोठी बॅटरीच घड्याळ चालवते. सेल असला तरी तो प्लास्टिकच्या आवरणात, दोन वायरी आणि बारीक सॉकेटसह असतो. नुसता सीआर २०३२ आणून वायरी डाग देऊन जोडू नका, उष्णतेने सेल फुटू शकतो. वायरीसकट तयार मिळतो तोच घ्या. काही जुन्या लॅपटॉपमध्ये मात्र चार्ज होणारा सेल असतो, तिथे सीआर मालिकेतला चालत नाही. जुन्यावरचा नंबर वाचून तोच आणा. आधी चार्जर, मग मोठ्या बॅटरीचं सॉकेट, मगच हा सेल, असा क्रम. लॅपटॉपचा बायोस पासवर्ड सेल काढून सहसा जात नाही.

## सेल बदलला, तरी अडलं

पडद्यावर काहीच नाही. प्लग काढा, रॅम काढून पुन्हा घट्ट बसवा. ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटर एकदा बोर्डाच्या पोर्टला लावून बघा, डिफॉल्टमध्ये तो पुढे आलेला असू शकतो.

तारीख पुन्हा जाते. सेल उलटा किंवा सैल आहे का, सीआर २०२५ तर बसला नाही ना, ते बघा. मग सेलजवळ तीन पिनांचा 'क्लिअर सीमॉस' जंपर शोधा. नेहमी तो १-२ वर असतो. कोणी २-३ वर ठेवला असेल तर सेटिंग टिकत नाहीत, काही बोर्ड चालूच होत नाहीत. पिनांचे नंबर बोर्डावर छापलेले असतात. जंपर प्लग काढूनच हलवा.

नवा सेल तीन-चार महिन्यांत उतरतो. दुसरा पाकिटातला सेल बसवा, रोज रात्री प्लग काढून ठेवत जा आणि मोजत राहा. आठवड्याभरात व्होल्टेज ठळकपणे पडलं तर बोर्डावर कुठेतरी करंट गळतो आहे. सेलच्या आसपास ओल, गंज, मुंग्या बघून साफ करा. तरी नाही थांबलं तर ते बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं काम. तोवर मशीन वापरायचंच असेल तर रोज सुरू करताना बायोसमध्ये तारीख घालून, मगच विंडोजमध्ये जा.